चार्जरसकट पाठव

रामबाग, इंदूर
रविवार, रात्री

प्रिय बंडू,

तुझा फोन आला तेव्हा मी जेल रोडवर होतो, गोंगाटात धड बोलता आलं नाही. तुमच्या ऑफिसातले वीस लॅपटॉप निघणार आहेत, कुणाला देऊ, असं विचारलंस. कुणाला काय, आम्हालाच दे!

वाड्यातली बाबांची खालची खोली आता संगणकांची झाली आहे. संध्याकाळी मागच्या वस्तीतली दहावी-बारावीची मुलं येतात. फोन त्यांच्याही घरी आहे, पण एकच, आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. शिवाय फोनवर अंगठ्याने कितीही भराभर लिहिता आलं, तरी सीपीसीटीत ते कामाचं नाही. आमच्या मध्य प्रदेशात कारकुनी जागांसाठी ही परीक्षा मागतात. मिनिटाला हिंदीत 20 शब्द, इंग्रजीत 30, तेही कीबोर्डवर. आता ज्याच्या घरी कीबोर्डच नाही, त्याने सराव कुठे करायचा?

एका मुलीचं सांगतो. वडील ई-रिक्शा चालवतात. पहिल्या दिवशी ती पडद्यालाच बोट लावत होती, माऊस कशाला असतो ते माहीत नव्हतं. तिला इनस्क्रिप्ट, म्हणजे हिंदी कीबोर्डची मांडणी, शिकवली: मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. पहिला शब्द तिने स्वतःच निवडला, 'पापा'. एच, ई, एच, ई. पण कीबोर्ड हिंदीवर करायचा राहून गेला होता, पडद्यावर इंग्रजीत 'हेहे' उमटलं. इतकी हिरमुसली रे! भाषा बदलून दिली, पुन्हा त्याच चार कळा, आणि 'पापा' आलं. मग काय, पानभर पापाच. परवा तिचा वेग 17 शब्दांवर गेला, तोही कळांकडे न बघता. आणखी तीन शब्द हवेत.

म्हणून म्हणतो, दे, पण नीट दे. गेल्या वर्षी एका कंपनीने आम्हाला बारा संगणक दिले. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. खोकी उघडली तर बाराही यंत्रांतल्या हार्ड डिस्क काढून घेतलेल्या. मुलं भोवती उभी होती, त्यांना काय सांगणार? सिल्व्हर मॉलमधून पैसे जमतील तसे एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारच्या डिस्क, आणून सहा उभे केले, बाकीचे अजून तसेच पडलेत. उभे केलेल्या सहांतल्या एकावर कुठलीच साइट उघडेना. दोन दिवस वायफायला दोष दिला. शेवटी कोपऱ्यात तारीख पाहिली तर 2012! मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला होता. तारीख चुकली की साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला खोटं वाटतं. सेल बदलला, काम झालं.

तुमचे लॅपटॉप विंडोज 11 घेत नाहीत म्हणून निघाले असणार. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला ना. आम्हाला त्याने काही अडत नाही. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असली की विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची प्रणाली छान पळते. तुमचा डेटा नीट पुसून घ्या, नुसतं फॉरमॅट करून भागत नाही, पण डिस्क आत राहू दे. तुमचे आयटीवाले ऐकतच नसतील तर आधी कळव, मी वर्गणी काढतो. बायॉसचा, म्हणजे यंत्र सुरू होतानाच मागतात तो, पासवर्ड मात्र तिथेच काढून घे, नाहीतर इथे आम्ही हात चोळत बसू. बॅटरी संपलेली चालेल, वायरीवर चालवू. पण फुगलेली असेल तर ती तिथेच काढून ठेव, प्रवासात पेट घेते. आणि प्रत्येकाचा चार्जर त्याच्याच बरोबर बांध. वीस लॅपटॉप आणि सात चार्जर असं नको.

नक्की किती येतील ते या आठवड्यात सांग, सुताराला टेबलांचं माप द्यायचंय. आणि एकदा सवड काढून संध्याकाळचा ये, मुलांना तू इंग्रजी टायपिंग घे, तुझा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
दादू