ज्वारी उपटणार कोण?

मंगळवेढा
१२ फेब्रुवारी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. 'पुण्यात ज्वारी एवढी महाग, मग तुम्ही रडता कशाला?' हा तुझा सवाल वाचून हसूच आलं. सध्या काढणी चालू आहे, त्यामुळे उत्तर ताजं ताजं देतो.

आपल्या काळ्या रानाचं तुला काय सांगायचं! सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाभरात पेरा उरकला की मालदांडी ज्वारी जमिनीतल्या ओलाव्यावरच निघते. मोटर नको, पाट नको. मोहोळच्या संशोधन केंद्रातून १९३०च्या दशकात निवडलेलं हे वाण. पुढं राहुरीच्या कृषी विद्यापीठानं फुले वसुधा, फुले रेवती दिल्या, तरी भाकरीचा विषय निघाला की आमची म्हातारी मालदांडीवरच अडून बसते. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. शाश्वत शेतीवर तुमच्याकडं परिसंवाद भरतात म्हणे. इथं ती आजोबांच्या आधीपासून चालू आहे.

अडतंय ते माणसांवर. ज्वारी मुळासकट उपटावी लागते. कमरेत वाकून दोन्ही हातांनी ताट धरायचं, हिसका द्यायचा, मुळाची माती झटकून आडवं टाकायचं. दुपारपर्यंत तळहाताची सालटं निघतात. मग वाळल्यावर कणसं मोडा, पेंढ्या बांधा, गंज रचा. मळणी तेवढी मशीनवर. आमच्या टोळीत चाळिशीच्या आतलं एकही माणूस नाही. पोरं चाकण-रांजणगावला कंपनीत. त्यांना परत बोलवायचं तर रोजाचा हिशेब दाखवावा लागेल, काळ्या आईची भाषणं देऊन भागत नाही. यंत्रानं कापावी तर कडब्याचं, म्हणजे जनावरांच्या वैरणीचं, मातेरं होतं.

म्हणून उजनीचं पाणी ज्याच्या बांधाला आलं, त्यानं ऊस लावला. कारखान्याची टोळी येते, तोडून नेते. त्याला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. पण ज्वारी गेली की कडबा गेला, कडब्यामागं जनावर, जनावरामागं शेणखत. मग त्याच रानात पोती फोडून खत ओतत बसा.

तू सेंद्रियचं सर्टिफिकेट काढ म्हणतोस. त्याआधी एक काम कर. तुझ्या सोसायटीत वर्षाची ज्वारी एकदम घेणारी घरं किती, ते विचार. वाळवून, निवडून, पोत्यात भरून मी पाठवीन. भाव उपटणीची मजुरी धरूनच सांगेन, त्यात घासाघीस चालणार नाही. आकडा श्रावणाच्या आत कळव, म्हणजे खालच्या दोन एकरांत ज्वारी धरायची की तेही उसाला द्यायचं, ते ठरवता येईल. भाऊ उसासाठी मागं लागलाय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता