कांडपवाल्या काकूंना

ती. काकूंना साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल. मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण माझ्याबद्दल तेव्हा गावात जे बोललं गेलं तेही सगळ्यांसमोरच बोललं गेलं होतं.

बाबांच्या ऑपरेशनसाठी दिवाळीनंतर मी नाशिकहून वरुडकडे आपल्या गावी आले आणि अडीच महिने राहिले. वाइनरीच्या टेस्टिंग रूममधली नोकरी टिकवायची तर फेब्रुवारीत वास ओळखण्याची परीक्षा द्यायची होती. एका सीनियर ताईंनी त्यासाठी त्यांची पेटी उसनी दिली होती. चोपन्न इवल्या बाटल्या, प्रत्येकीत एक वास, सोबत त्याचं कार्ड. फ्रान्सच्या ज्याँ लनुआर यांनी १९८१ साली ही पेटी तयार केली, आणि जगभरचे वाइन शिकणारे तिच्यावर नाक तयार करतात. आपल्या गावात मात्र दोन दिवसांत एवढंच पसरलं की पोरगी दारूच्या बाटल्या घेऊन आली.

काकू, तुम्ही चौकशीला आलात तेव्हा मला खरंच भीती वाटली होती. तुमचं माहेर वर्ध्याकडचं, दारूबंदीच्या जिल्ह्यातलं. आणि काकांचं काय झालं ते गावाला माहीत आहे. तुम्ही ओट्यावर टेकलात आणि म्हणालात, "दाखव बरं, काय हाय थे." मी हाताला लागली ती बाटली उघडून दिली. तुम्ही डोळे मिटले आणि लगेच बोललात, "याच्यात दारू कुठी हाय वो? हे तं लोण्याचा वास हाय."

कार्डावर लोणीच होतं. तीन दिवस मी ती बाटली हुंगत होते. वास ओळखीचा वाटायचा, जिभेच्या टोकावर यायचा, पण नाव काही सुचायचं नाही. पुढे कळलं की तुमचं उत्तर शास्त्रानेही बरोबर होतं. वाइनमधलं बोचरं मॅलिक आम्ल जिवाणू मवाळ लॅक्टिक आम्लात बदलतात, त्यात डायअसेटिल नावाचं द्रव्य तयार होतं, आणि विरजणातून निघालेल्या लोण्याला तोच वास असतो.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला सकाळी बोलावलं, कांडप सुरू व्हायच्या आधी. एकदा मिरचीचा खकाणा उठला की नाकाचं काम संपलं. पाच-सहा बाटल्या झाल्या की तुम्ही मला अंगणात पिटाळायच्या आणि स्वतःचाच पदर हुंगायला सांगायच्या. मी रोज नावं पाठ करत होते. तुम्ही नाव कधी विचारलंच नाही. तुम्ही विचारायच्या, "हा वास तुले कुठी भेटला होता? तिथी कोण होतं?"

त्या एका प्रश्नाने माझं शिकणं बदललं. धुराची बाटली म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, आणि ते राखेतून काढून झाडणारे आजोबा. ढोबळी मिरचीच्या बाटलीशी तुम्ही बराच वेळ थांबलात आणि म्हणालात, "वाटाण्याच्या शेंगा सोलतानी येते हा." कॅबर्ने सोव्हिन्यों द्राक्षात हा हिरवा वास देणारी पायराझिन नावाची द्रव्यं आहेत, आणि वाटाण्याच्या शेंगेतही आहेत. संत्र्याच्या बाटलीला तर तुम्ही झाडलंच: "हा सालीचा हाय, फोडीचा नाही." आंबिया बहराच्या वेळी आपल्या बागेत जो घमघमाट सुटतो, त्यातलं लिनालूल मस्कत द्राक्षात असतं. हे मी पुस्तकात आधीच वाचलं होतं. फुलोरा नाकाशी धरून मला उभं तुम्ही केलंत.

एक बाटली माझ्यासाठी मुकीच राहिली. व्हायोलेटच्या फुलाची. तुम्हाला गोड, पावडरीसारखा वास यायचा, मला काहीच नाही. मी रडले तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुह्या नाकाचा दोष नाही वो, तुले देल्लाच नाही थो." तेव्हा मला ती समजूत वाटली. पण ते अक्षरशः खरं निघालं. त्या वासामागचं आयोनोन काहींना स्पष्ट जाणवतं आणि काहींना जवळजवळ नाहीच, आणि तो फरक जन्मतः जनुकात असतो. काळ्या मिरीचंही तसंच. शिराझ वाइनमधला मिरीचा वास रोटंडोन या द्रव्याचा, हे २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. तेही कितीतरी लोकांच्या नाकाला कळत नाही. तो मला मिळाला, म्हणून व्हायोलेटचं दुःख आता धरत नाही.

पेटी परत द्यायची वेळ आली तेव्हा तुम्ही घरातले अकरा स्टीलचे डबे काढलेत. लवंग, मेथीदाणे, जुना गूळ, तेंदूपत्ता, चिंच, ओल लागलेल्या पोत्याचा तुकडा. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात ॲन नोबल यांनी १९८०च्या दशकात वाइनच्या वासांचं चक्र तयार केलं. त्याही शिकणाऱ्यांना हेच सांगत: साध्या वाइनमध्ये स्वयंपाकघरातले जिन्नस टाका आणि आपले नमुने आपण बनवा. तुम्ही त्यांचं नाव ऐकलेलं नव्हतं.

अकराव्या डब्यात तुम्ही वाळलेली मोहफुलं घातलीत. पेटीत हा वास नाही. मी नको म्हटलं, कारण काकांच्या अंगाला रात्री कसला वास यायचा ते मला माहीत होतं. तुम्ही झाकण लावत म्हणालात, "हा मले झोपेत बी कळते. तुलेही कळला पाह्यजे. फुलानं काय केलं?" काकू, त्या वेळी मला काही बोलता आलं नाही. आज बोलते. त्या वासाकडे पाठ फिरवायचा सगळ्यात जास्त हक्क तुमचा होता, आणि तुम्ही तो माझ्या हातात दिलात. याचे आभार कसे मानायचे ते मला अजून जमत नाही.

परीक्षा पास झाले, ते तुम्हाला फोनवर सांगितलंच. गेल्या आठवड्यातलं मात्र सांगायचं राहिलं. पाहुण्यांसाठी बुचाची एक बाहेरदेशची बाटली उघडली. सगळे पेले भरायला निघाले आणि मी हात आडवा धरला. ओलं पोतं! बुचाला टीसीए नावाच्या द्रव्याची बाधा झाली की हा कुबट वास येतो, आणि ते इतकं जहाल की लिटरमागे ग्रॅमचे काही अब्जांश भागही पुरतात. सीनियर ताईंनी हुंगून बाटली बाजूला ठेवली आणि विचारलं, कशावरून ओळखलंस? मी सांगितलं, आमच्या गावच्या कांडपामागची खोली, श्रावण, आणि पोती उचलणाऱ्या काकू.

तुमचे डबे माझ्याकडेच आहेत. अक्षय तृतीयेला येते तेव्हा दहा परत आणीन. मोहाचा ठेवून घेऊ का?

तुमची,
समोरच्या घरची पोरगी