अक्षरांच्या आड

प्रिय मिलिंद,

स. न. वि. वि. (आपलं पत्रही लघुरूपानेच सुरू होतं बघ, पण यात लपवाछपवी नाही!)

स्वतःला 'एनएस' म्हणवून घेणारा माणूस कुणी 'नाझी' म्हटलं की एवढा का उसळतो, असं तू विचारलंस. हिटलरच्या पक्षाने 1920 मध्ये 'राष्ट्रीय समाजवादी जर्मन कामगार पक्ष' हे नाव घेतलं. जर्मन आद्याक्षरं एनएसडीएपी. त्यातली पहिली दोन म्हणजे हे 'एनएस'. 'नाझी' हा शब्द मुख्यतः विरोधकांच्या तोंडचा, हेटाळणीचा, आणि आज तो उच्चारला की छळछावण्याच डोळ्यांपुढे येतात. 'एनएस' मात्र कसं, एखाद्या परीक्षेच्या पेपरचं नाव वाटावं! 'नॅटसॉक' हे 'नॅशनल सोशलिस्ट'चं लघुरूप तर त्याहून गोंडस. मला विचारशील तर ही अक्षरं पोलिसांपेक्षा स्वतःच्या जिभेसाठीच जास्त असतात. पूर्ण नावाने जे चारचौघांत बोलायची छाती होत नाही, ते दोन अक्षरांत खपून जातं.

पोलिसांची धास्तीही असतेच म्हणा. जर्मन दंडसंहितेच्या कलम 86अ खाली बंदी घातलेल्या संघटनांची चिन्हं, घोषणा, सलाम जाहीरपणे वापरले तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मग आकडे आले. एच हे आठवं अक्षर, म्हणून 88 म्हणजे 'हाइल हिटलर'. 18 म्हणजे ए आणि एच, अॅडॉल्फ हिटलर. 'कॉम्बॅट 18' नावाच्या नवनाझी टोळीवर जर्मनीने 2020 मध्ये बंदी घातली.

कपड्यांचा किस्सा तर अफलातून आहे. 'लॉन्सडेल' (Lonsdale) ही ब्रिटिश कंपनी, मुष्टियोद्ध्यांचे कपडे करणारी. तिचं नाव छापलेल्या टी-शर्टवर जाकीट अर्धवट उघडं ठेवलं की दोन्ही कडांची अक्षरं झाकली जातात आणि छातीवर उरतं फक्त एनएसडीए. एक 'पी' कमी पडतो ना? म्हणून कुणीतरी 'कॉन्सडॅपल' (Consdaple) नावाचा वेगळा ब्रँडच काढला. त्यात पाचही अक्षरं ओळीने येतात. बिचाऱ्या लॉन्सडेलला शेवटी वंशवादाविरुद्ध मोहिमा काढून हात झटकावे लागले.

सरकार या अक्षरांमागे धावतं खरं, पण दमछाक होते. गाडीच्या नंबरप्लेटवर एसएस, एसए (दोन्ही हिटलरच्या पक्षाची निमलष्करी दलं), केझेड (जर्मनमध्ये छळछावणी) मिळत नाही. कोलोनच्या प्लेटवर आधी 'के' असतो, म्हणून पुढे एकटा 'झेड' देत नाहीत. पण हॅम्बर्गचं काय करणार? त्या अख्ख्या शहराची प्लेटच 'एचएच', हान्झेस्टाट हॅम्बर्ग! 2024 मध्ये तर जर्मन फुटबॉल संघाच्या जर्सीवर 44 छापून घेणं आदिदासला बंद करावं लागलं, कारण त्या आकड्यांचं वळण एसएसच्या खुणेसारखं दिसत होतं.

बंदीने सगळं सुटत नाही ते यामुळेच. म्युनिक, कोलोन इथे त्या काळाच्या अत्याचारांची नोंद ठेवणाऱ्या संस्थांच्या नावातही 'एनएस' आहेच, आणि इतिहासकारही 'एनएस काळ' असंच लिहितात. फरक एवढाच, की ते त्याच वाक्यात पुढे काय घडलं तेही सांगतात. तुझा तो गृहस्थ अक्षरांवरच थांबतो. आणि 'एनएसयू' ऐकलंयस का? यू म्हणजे 'भूमिगत'. 2000 ते 2007 या काळात या टोळीने दहा माणसं मारली, बहुतेक तुर्की वंशाची. त्यामागे कोण होतं हे 2011 मध्ये उघड झालं. तोवर पोलीस मेलेल्यांच्या नातेवाइकांवरच संशय घेत होते.

त्या गृहस्थाशी वाद घालणार असशील तर काय झालं ते सविस्तर कळव.

तुझा,
अविनाश