धाकट्यास पत्र

चि. बापू यास अनेक आशीर्वाद.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तू दादाशी एका शब्दाने न बोलता पुण्याच्या गाडीत बसलास. विहिरीच्या वाटणीविषयी काही लिहायचे नाही असे मी ठरवले आहे, म्हणून अंगणवाडीतलेच लिहिते.

परवा मुलांना चिऊकाऊची गोष्ट सांगत होते. शेणाचे घर वाहून गेलेला कावळा पावसात दार ठोठावतो आणि चिमणी 'थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे' असे म्हणत राहते, तेथे एका पोराने मला अडवले. "बाई, आधी दार उघडून मग तीट का नाही लावली?" मेणाचे घर बांधणारी शहाणी, असे आपण सांगत आलो, मुले मात्र भिजणाऱ्याच्या बाजूने उभी राहतात. गोष्टीचे काम तेथेच होते, तात्पर्य सांगून होत नाही, असे माझे मत आहे.

तुम्हा दोघांना पंचतंत्रातली कबुतरे आवडायची. जाळ्यासकट उडालेला थवा सर्वांना ठाऊक असतो, परंतु पुढचा भाग बहुतेक जण गाळतात. हिरण्यक उंदीर आपल्या मित्राचे, राजा चित्रग्रीवाचे, पाश आधी कुरतडू लागतो, तेव्हा तो म्हणतो की आधी माझ्या सोबत्यांचे तोड. उंदराचे दात नाजूक आहेत, ते मध्येच तुटले तर आपणच अडकून राहू, हे ऐकूनही तो ऐकत नाही. तू दर वेळी विचारायचास, "मग त्याचे राहिले तर?" आणि दादा बाजेवर उताणा पडून म्हणायचा, "राहू दे."

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली, तेव्हा त्याने स्वतःचे लग्न पुढे ढकलले आणि तुझ्या होस्टेलचे पैसे भरले. हे मी काढणार नव्हते. भावाभावांनी पाण्याच्या पाळीवरून अबोला धरू नये, धाकट्याने आधी बोलावे, एवढे शिकून... पण पुरे, लहान मुलांसमोर बोलून बोलून ही सवय जडली आहे, राग मानू नकोस. तुझ्या नोकरीचे मी गावभर सांगते, हेही खरे. आता लोक विचारतात की दोघे बोलतात ना, आणि मी हो म्हणते.

बाबांची गोळी चालू आहे, काळजी नको. दादा हल्ली मोटर चालू करायला गड्याला पाठवतो, स्वतः विहिरीवर जात नाही.

वहिनीने तुरीची डाळ ट्रॅव्हल्सने पाठवली आहे. मिळाली की कळव; माझ्या फोनला घरात रेंज नसते, दादाच्या फोनवर कर.

तुझी आई