आधी कार्बेटरला हात लावू नकोस

शहापूर, बेळगाव

प्रिय पक्या,

तुझा मेसेज मिळाला. काकांची बुलेट परत रस्त्यावर आणतोयस हे वाचून लई बरं वाटलं बघ, पण मोठा कार्बेटर, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणारा भाग, मागवतोय म्हटलास तिथं मला हसूच आलं. हाच शहाणपणा मी गेल्या वर्षी केलाय लेका.

माझी १९९४ची बुलेट ३५०, तुला माहितीच आहे. सकाळी थंड असताना एका किकमध्ये चालू व्हायची, पण गोव्याहून येताना चोर्ला घाट चढायला लागलो की फट्फट् करून बंद पडायची, अर्धा तास कणकुंबीच्या अलीकडं झाडाखाली बसलो की परत चालू, जसं काय झालंच नाही. सगळे म्हणाले कार्बेटर. साफ केला, जेट बदलले, शेवटी अख्खा नवा कार्बेटर बसवला. पुढच्या घाटाला तीच कथा.

मग खानापूर रोडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं कार्बेटरकडं बघितलंसुद्धा नाही, पॉइंटचं, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचं, झाकण काढलं, पॉइंट काळे पडून खड्डे पडलेले, म्हणाला, "कंडेन्सर होगेतरी." गेलाय म्हणे. कंडेन्सर म्हणजे पॉइंटवर ठिणगी उडू नये म्हणून लावलेली छोटी डबी. तो गरम झाला की आतून दगा देतो, मग पॉइंटवर ठिणगी उडते आणि प्लगला जी जायला पाहिजे ती पिवळी, मरतुकडी होते. थंड झाला की परत शहाण्यासारखा. शंभर-दीडशेच्या वस्तूनं मला कार्बेटरला हजारो रुपये घालायला लावले की!

आणि हो, कंडेन्सर चांगलाच घे. मी स्वस्त म्हणून एका दुकानातनं घेतलेला पंधरा दिवसात गेला. त्यापेक्षा गाडीचा जुना चांगला निघाला तर तोच ठेव, नवा स्पेअर म्हणून डिकीत टाक.

काम करताना मिस्त्रीचा क्रम मोडू नकोस. आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची ढील, इंजिन एकदम थंड असताना, पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद. पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारा दांडा) दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वरखाली खुळखुळायला नको. मग पॉइंटचा गॅप, ०.३५ ते ०.४० मिमी, फिलर गेज (मापाची पातळ पट्टी) लावून, डोळ्यानं नको. त्यानंतर टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, कारण गॅप हलला की टायमिंग पण हलतं, उलटं केलंस तर दोनदा काम. मिस्त्री सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरतो, तो नुसता सुटला की पॉइंट उघडला. बघायला मजा येते मर्दा. कार्बेटर सगळ्यात शेवटी, गाडी गरम करून. एअर स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर काढ, तिथून आवाज ऐकत थोडा इकडं-तिकडं. नंतर प्लग काढून बघ, बिस्किटाचा रंग आला तर जमलं, काळा कोळसा आला तर पेट्रोल जास्त जातंय.

पेट्रोलचा पाईप मात्र बदलच. आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतंय, जुनं रबर त्यात फुगतंय नाहीतर चिरतंय. महिनाभर गाडी उभी ठेवणार असशील तर कार्बेटरची वाटी रिकामी करून ठेव.

काकांची अँपिअर मीटर बघून किक मारायची सवय आठवते का? काटा मध्यावर आणायचा, मग डीकंप (इंजिनातला दाब सोडायची लिव्हर) दाबून थोडं पुढं, मग किक. उलट्या किकेपासून माझा उजवा घोटा त्यांनीच वाचवलाय.

बाकी इकडं सगळं बरं. तू ऑर्डर कॅन्सल होते का बघ, आणि कार्बेटर लागलाच तर माझा नवा ट्रंकेत पडलाय, जुनाच परत बसवलाय मी. दिवाळीत येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा,
सुन्या