आत्या, संबळला दोन माइक उभे होते

प्रिय आत्या,

खरं म्हणजे तू आमच्या ड्रमरची आत्या, पण गेल्या दीड वर्षात बँडमधल्या पाचही जणांची झालीस. पहिल्या दिवशी मी ‘तुम्ही’ म्हणालो, तर "अहो-जाहो केलंस तर बिल लावीन" अशी धमकी मिळाली. म्हणून पत्रातही तूच. आणि हे सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तू आमची वेबसाइट नीट केलीस त्याचे तोंडावर आभार मानले की तू चहा टाकायला उठतेस. बँडचं नाव मात्र लिहीत नाही. म्हणशील, आभाराच्या आडून जाहिरात करतोय.

गिरगावातली तुझी डीटीपीची खोली आठवते. एका भिंतीला लग्नपत्रिकांचे नमुने, दुसरीला प्रिंटर, मधे आम्ही पाच जण, त्यातले दोन दारात. आम्ही फक्त लोगो मागायला आलो होतो. तू म्हणालीस, "आधी वेबसाइट दाखवा." आम्ही छाती फुगवून दाखवली. काळी पार्श्वभूमी, लाल अक्षरं, मागे धूर आणि मधोमध ‘आत या’ असं बटण. ते दाबलं की व्हिडिओ. तू तो पूर्ण बघितलास आणि विचारलंस, "पुढचा शो कधी आहे?"

"येत्या शनिवारी."

"इथे कुठे लिहिलंय?"

"इन्स्टाच्या स्टोरीत टाकलंय की."

"ती २४ तासांत जाते. मी आज आले."

मग रद्दीच्या गठ्ठ्यातून तू पेपरातलं नाटकाच्या जाहिरातींचं पान काढलंस. शनि. दु. ४ दीनानाथ. रवि. रात्री ८.३० गडकरी. खाली बुकिंगचा फोन. "दोन इंचांत सगळं बसवलंय बघ यांनी. नाटकवाले इतकी वर्षं हेच करतायत आणि तुम्ही धूर सोडताय." आजही आमच्या पहिल्या पानावर सगळ्यात वर पुढच्या शोंची यादी असते, वार, वेळ, जागा, तिकिटाची लिंक. झालेला शो दुसऱ्या दिवशी खाली सरकतो. तो सरकवायचं काम माझं, आणि दोनदा विसरलो तेव्हा तुझा फोन आला: "गेल्या वर्षीचं कालनिर्णय लावून ठेवलंयस."

फोटोचं तर विचारूच नकोस. आमचा दर्शनी फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच चढवला होता, ७ एमबी. तू तो चर्नी रोडला लोकलमध्ये चढून उघडलास. ग्रँट रोडपर्यंत गायकाचं कपाळ आलं, मुंबई सेंट्रलला नाक. त्याच फोटोची तू वेबपी या हलक्या प्रकारातली १८० केबीची प्रत करून दिलीस आणि आम्हाला डोळे फाडून बघितलं तरी फरक कळला नाही. मोठे, छपाईचे फोटो पत्रकारांसाठी वेगळ्या पानावर ठेवलेस, प्रत्येकाखाली फोटोग्राफरचं नाव. तेही आमच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि फोटो काढणारा पोरगा आमच्याच बिल्डिंगमधला.

पण तुझा खरा राग अक्षरांवर निघाला. आमच्या डिझायनर मित्राने ‘स्टायलिश’ दिसावं म्हणून बँडच्या नावात अक्षरांमधलं अंतर वाढवलं होतं. रोमनमध्ये ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. तू म्हणालीस, "दात पडल्यासारखं दिसतंय." शिवाय ओळींमधलं अंतर इतकं कमी की वरच्या वेलांट्या कापल्या जात होत्या. ते सगळं नीट केलंस, गिरगावच्या कामाला मुंबईतलाच फाँट हवा म्हणून ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ नावाचा फाँट लावलास, आणि मग एक गोष्ट केलीस जी मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतोय. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘हिंदी’ अशी पडलेली होती, तिथे तू मराठीचा संकेत, ‘एमआर’, टाकलास. ज्या फाँटांत तशी सोय असते, त्यांत एवढ्यानेच ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे होतात. दोन अक्षरांचा बदल, पण शाळेत गिरवलेला ‘ल’ परत दिसला तेव्हा आमचा बासिस्ट, जो एरवी कशालाच काही म्हणत नाही, तोही "अरे!" म्हणाला.

गाण्यांचे शब्द आम्ही चित्रं करून टाकले होते, पिवळ्या कागदाचा टेक्श्चर वगैरे लावून. तू एकटीने बसून ११ गाणी टाइप केलीस. आता कोणी कानावर पडलेली एखादी ओळ गूगलमध्ये टाकली तर गाणं सापडू शकतं. (तिसऱ्या गाण्यात तू एक अनुस्वार गुपचूप दुरुस्त केलास. आम्ही पाहिला.)

परिचयाचं सांगायला लाज वाटते. ९०० शब्द होते आणि पहिलं वाक्य होतं ‘संगीत हा आमचा श्वास आहे’. तू लाल पेनाने लिहिलंस, "श्वास सगळेच घेतात. संबळ कोण वाजवतं ते लिहा." आता दोन परिचय आहेत, एक ५० शब्दांचा, एक १५० चा. आयोजक सरळ उचलून पोस्टरवर टाकतात.

आणि संपर्काचा फॉर्म! त्याचे मेल कुठे जातात हे तू विचारलंस तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं. ते जात होते आमच्या जुन्या गिटारिस्टकडे, जो शिकायला कॅनडाला गेलाय आणि तो मेल उघडतही नाही. त्याला उठवून बघायला लावलं, तर चार महिन्यांपूर्वीची एका कॉलेज फेस्टची विचारणा तशीच पडलेली. ‘शुक्रवारपर्यंत कळवा.’ डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तोही त्याच्याच नावावर निघाला. तू कपाळाला हात लावलास. "सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट शेजाऱ्याच्या नावावर ठेवता का रे?"

घराचीच भाषा तुझी. इन्स्टा म्हणजे लीव्ह-लायसन्स, अकरा महिन्यांचा, मालक कधी काय म्हणेल सांगता येत नाही. आम्ही हसलो. मग तू मायस्पेस या जुन्या सोशल साइटचं सांगितलंस. २०१९ मध्ये त्यांनी कबूल केलं की सर्व्हर हलवताना लोकांनी चढवलेली जुनी गाणी गेली, आणि आकडा पाच कोटींच्या घरातला सांगतात. आमच्या प्रॅक्टिसच्या क्लिपा टिकटॉकवर होत्या, त्याचं जून २०२० मध्ये काय झालं ते आम्हीच बघितलंय. स्पॉटिफायही २०२४ पासून १२ महिन्यांत १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला पैसे देत नाही. आमची निम्मी गाणी त्या उंबरठ्याच्या अलीकडे बसलीत. तू यातलं काहीच बंद करायला सांगितलं नाहीस, उलट सगळ्यांच्या लिंका दिल्यास. फक्त मेलच्या यादीचा एक चौकोन आपल्या पानावर आणलास. आज त्यात २१४ जण आहेत. आकडा लहान आहे, पण मेल टाकला की त्यातले तीस-चाळीस शोला येतात, आणि इन्स्टावरच्या हजारोंतून किती येतात ते न सांगितलेलं बरं.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसलो ती. तू साउंडवाल्यासाठी एक पान करायला लावलंस, स्टेजचा नकाशा आणि कोणत्या चॅनेलवर काय. आम्हाला वाटलं हे कोण वाचणार. तू आमच्या संबळवाल्याला खुर्चीवर बसवून विचारलंस, "दोन्ही भांड्यांचा आवाज वेगळा ना? मग माइक किती?" तो बिचारा इतकी वर्षं एका माइकवर, धाकट्या भांड्याकडे कलून वाजवत आला होता. प्रत्येक शोला साउंडचेकची पंधरा मिनिटं त्याच्यावरच जायची आणि शेवटी आयोजक घड्याळ दाखवायचा.

गेल्या शनिवारी लोअर परळला शो होता. गाडी अडकली, आम्ही उशिरा पोचलो. स्टेजवर कोणीच नव्हतं, पण डाव्या बाजूला, जिथे तो बसतो तिथे, खाली वाकवलेले दोन माइक आधीच उभे होते. मिक्सरला सेलोटेपने तुझं पान चिकटवलेलं, त्यावर साउंडवाल्याच्या पेनच्या खुणा. संबळवाल्याने कोणालाच काही विचारलं नाही. बसला, दोन्ही भांडी समोर ओढली आणि ताठ बसून वाजवलं.

रविवारी येतोय सगळे. डोमेनचं रिन्युअल ऑगस्टमध्ये आहे, माझ्या नावावर आहे आणि कॅलेंडरात लिहिलंय, तू विचारायच्या आधीच सांगून ठेवतो.

तुझा,
बँडमधला उंच