स्वतःच्या हातांवर उजेड धरणाऱ्या ताईंना

ताई,

पत्र मराठीत लिहितेय, पण तुमची भाषा मराठी नाही हे आता मला ठाऊक आहे. तुमची भाषा हातांची. लिहायची मराठी तुम्ही नंतर, शाळेत, कष्टाने शिकलात. म्हणून एखादं वाक्य अडलं तर सोडून द्या, रविवारी डिचोलीला येऊन मी हातांनी सांगेन. इथे लिहितेय ते ऐकू येणाऱ्यांनीही वाचावं म्हणून.

गेल्या वर्षीची गणपतीची चवथ. तुम्ही पहिल्यांदाच आमच्या घरी आला होतात. बाहेर पाऊस कोसळत होता, देवावर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली आरती रंगात आली होती, आणि लाईट गेली. आमच्याकडे लाईट गेली म्हणून आरती थांबत नाही. घुमट वाजत राहिलं, समईच्या उजेडात देव तेवढा दिसत होता. माझी सहा वर्षांची, ऐकू न येणारी लेक मागे दारापाशी होती. ती किंचाळायला लागली. लाईट गेली की दरवेळी किंचाळायची. आम्ही तिला हट्टी म्हणायचो, भित्री म्हणायचो. एकदा मी तिला मारलंसुद्धा आहे.

तुम्ही उठलात. मोबाईलचा टॉर्च लावलात, पण तिच्या तोंडावर नाही मारलात. फोन पाटावरच्या नारळाला टेकवून ठेवलात, त्याच्यासमोर मांडी घातलीत आणि उजेड स्वतःच्या हातांवर, चेहऱ्यावर घेतलात. मग नुसत्या बसून राहिलात, ती बघेपर्यंत. तिने बघितल्यावर विचारलंत, काय झालं? तिने जे सांगितलं ते तुम्हाला मला दोनदा समजवावं लागलं, कारण पहिल्यांदा मला ते समजून घेववेना.

"लाईट गेली की सगळी जातात."

आम्ही अंधारात एकमेकांना हाका मारतो, मेणबत्ती कुठाय म्हणून ओरडतो. तिला आवाज येत नाही आणि चेहरेही गेलेले. किती वेळा तिने घर असं रिकामं झालेलं बघितलं असेल, ताई?

ती दोन वर्षांची असताना निदान झालं. ज्यांच्याकडे गेलो त्यांनी कानाचं मशीन दिलं, बोलायचा सराव दिला आणि ताकीद दिली : घरात खुणा करायच्या नाहीत, हातांची सवय लागली की तोंड उघडणार नाही. आम्ही ऐकलं. तिने पाण्यासाठी हात उचलला की तो खाली दाबायचा आणि "पाणी म्हण" म्हणायचं. मशीन वाईट असं मी म्हणत नाही, ती ते आजही लावते. पण भाषेवाचून गेलेली वर्षं तिला कोण भरून देणार? ज्यांनी ताकीद दिली, त्यांनी नंतर एकदाही विचारलं नाही, मूल घरी बोलतं कुणाशी?

ही ताकीद किती जुनी आहे ते तुमच्याकडून कळलं. १८८० साली इटलीत मिलानला बधिरांच्या शिक्षणाची परिषद भरली आणि शाळांत खुणा नकोत, तोंडानेच शिकवा असं ठरलं. ठरवणारे जवळपास सगळे ऐकू येणारेच. तो ठराव नाकारायला २०१० साल उजाडलं, व्हँकुव्हरच्या परिषदेत. मधल्या १३० वर्षांत किती मुलांचे हात दाबले गेले असतील, आणि त्यांत एक जोडी माझ्याच घरात, २०१० नंतरही.

मी खुणा शिकायला लागले तेव्हा वाटलं होतं, शब्द पाठ केले की झालं. दिल्लीच्या भारतीय खुणांच्या भाषेच्या केंद्राने २०२१ साली पूर्ण केलेला १०,००० शब्दांचा कोश मोबाईलवर बघत रात्री बसायचे. तुम्ही माझे हात बघितलेच नाहीत. माझ्या कपाळावर बोट ठेवून भुवया वर केल्यात. "जेवलीस?" हा प्रश्न आहे हे भुवयांनीच कळतं, नाहीतर मी तिला तू जेवलीस असं सांगत होते! आणि आदोळीवर भाजी चिरता चिरता तिला उत्तर द्यायला लागले, तेव्हा तुम्ही आदोळीच बाजूला सारलीत. बोलणाऱ्यावरून नजर काढणं म्हणजे कानांत बोटं घालणं, असं तुम्ही सांगितलंत. तेव्हापासून मी भाजी नंतर चिरते.

आम्हाला चांगली माणसं कमी नाही भेटली. खाऊ देणारी, डोक्यावरून हात फिरवणारी, "बिचारी" म्हणणारी. तिच्यासमोर खाली बसून तिच्या उत्तराची वाट बघणारं कुणी भेटलं नव्हतं. माणुसकी माणुसकी म्हणतात ती मला त्या नारळाला टेकवलेल्या फोनच्या उजेडात दिसली. अजून आठवलं की घसा दाटतो.

यंदाच्या चवथीलाही लाईट गेली. माझ्या सासूबाईंना तीनच खुणा येतात : ये, जेव, मी आहे. अंधारात त्यांचं चाचपडणं ऐकू आलं, मग टॉर्च लागला. तो त्यांनी स्वतःच्याच डोळ्यांसमोर धरला, दिपल्या, खाली घेतला आणि थरथरत्या हाताने तिसरी खूण केली. लेक किंचाळली नाही. जवळ गेली, आजीची बोटं धरली आणि चुकलेली खूण नीट करून दिली.

तुमची,
तिची आई